वरच्या डोहातले ओठाळे

मेडशीच्या बाजारात जमशेदनं तो मासा उचलला आणि खाली ठेवायचं विसरून तसाच उभा राहिला. मासा खडशी जातीचा होता, यात शंका नव्हती. काटेपूर्णेत अशा खडश्या त्यानं ढिगानं पाहिल्या होत्या. पण नदीची खडशी पांढरीफेक, लांबट, पातळ ओठांची. हा मासा बुटका, पाठीत जाड, पोटाखाली घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखा लाल. आणि ओठ असे जाड नि लोंबते, की गांधीलमाशीनं डसल्यासारखे दिसावेत.

"घेता का नुसतं पायता?" समोर बसलेला माणूस म्हणाला. हडकुळा, कानात बाळी, डोक्याला तांबडं पागोटं. त्याला माशाच्या बदल्यात तंबाखू हवी होती.

"कुठला हा?"

"आमच्या तांड्यावरचा. वरच्या डोहातला, होळीच्या वाट्यातला. ओठाळ्या म्हनतात त्याले."

त्या माणसाचं नाव रूपला. जमशेदनं त्याला तंबाखू तर घेऊन दिलीच, वर चहा पाजला आणि त्याच्याच मागं डोंगराची वाट धरली.

जमशेद रिसोडच्या कल्हईवाल्याचा मुलगा. बाप दिवसभर भाता हलवायचा आणि पोरानं शिकावं म्हणून अल्लाची करुणा भाकायचा. पोरगा शिकला. अमरावतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागला आणि आता एम.एस्सी.साठी काटेपूर्णा आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांतल्या माशांवर प्रबंध लिहीत होता. काम तसं रुक्षच. मासा पकडायचा, लांबी-रुंदी मोजायची, कुशीवरच्या खवल्यांची रांग मोजायची, परांतले काटे मोजायचे. पण त्या दिवशी तांड्याच्या वर चढून त्यानं तो डोह पाहिला आणि त्या रुक्ष कामात एकदम जीव आला.

नाला वरून येऊन काळ्या कातळावरून सरळ खाली पडत होता. कड्याखाली खालचा डोह, कड्यावर वरचा. खालच्या डोहात नदीच्याच पांढऱ्या खडश्या. वरच्यात सगळे ओठाळे. तो कडा चढून जाईल असा मासा अजून जन्माला यायचा होता. म्हणजे कुठल्या तरी जुन्या काळात खडशीचं एक घराणं वर अडकलं. तिथंच पिढ्या झाल्या, तिथंच सोयरिकी, आणि हळूहळू त्या घराण्याचा तोंडवळा, रंग, बांधा सगळं वेगळं झालं. जमशेद कातळावर बसून हसला. आपण हे पाहिलं, आपल्याआधी शिकलेल्या कुणी पाहिलेलं नाही, या विचारानं तो पुन्हापुन्हा वाकून पाण्यात बघत होता.

त्याचे मार्गदर्शक डॉ. ठोसर नागपूरला असायचे. त्यांनी बाटलीतले दोन्ही मासे उलटसुलट पाहिले.

"विलायतेत ट्राउट माशांवरून असेच वाद झालेत," ते म्हणाले. "एका डोंगरातून दोन ओढे निघतात आणि दोन्हींतले ट्राउट वेगळे दिसतात. ठिपके वेगळे, खवले वेगळे. एक म्हणतो, रक्तातच फरक. दुसरा म्हणतो, पाण्याचा आणि खाण्याचा परिणाम. तुमचे हे वरचे मासे खडकाचं शेवाळ खरवडून खात असतील. ओठ जाड होणारच. रक्तातला फरक म्हणायचा असेल तर दोघांची पिल्लं एकाच पाण्यात, एकाच खाण्यावर वाढवून दाखवा."

जमशेदनं आधी कॉलेजच्या हौदात करून पाहिलं. अमरावतीच्या उन्हात पिल्लं तग धरीनात. मग त्याच्या डोळ्यांसमोर आलं ते वरच्या डोहाच्या काठाशी खडकात असलेलं कुंड. डोहातून झिरपणारं थंड पाणी त्यात बारमाही असायचं. मधे फक्त गुडघाभर कातळाचा बांध.

त्यासाठी बंजारा तांड्याच्या नाईकाची, हेमसिंगची, परवानगी हवी होती. वरच्या डोहाला तांड्याचा कायदा होता. वर्षभर कोणी जाळं टाकायचं नाही. होळी झाली की सगळ्यांनी मिळून एकदा मासे धरायचे, घरटी वाटायचे, बाळंतिणीच्या घरी एक वाटा जास्त. उन्हाळ्यात आजूबाजूचे नाले आटले की माणसं-ढोरं याच डोहावर जगायची.

"खालचे मासे वर आनून ठेवता?" हेमसिंगनं चिलीम खाली ठेवली. "पावसाळ्यात डोह फुगते, मास्तर. पानी कुंडावरून जाते."

"पावसाच्या आधी काढून नेतो, नाईक. एकही ठेवत नाही."

"जबान देता?"

"जबान देतो."

कार्तिकात बोटभर लांबीची पिल्लं कुंडात सोडली. रूपलानंच धरून दिली. दोन्हीकडची मिसळली तरी ओळखता यावीत म्हणून खालच्या पिल्लांचा डावा पर जमशेदनं कात्रीनं अर्धा कापला होता. कधी ज्वारीचं पीठ, कधी भाताची शितं; रूपलाची पोरगी रामी पाणी भरायला येई तेव्हा मूठभर टाकून जायची. सोळा-सतरा वर्षांची, कामाची चपळ. दगडवाडीच्या तांड्यावरच्या पोराशी तिची सगाई ठरली होती. जमशेद आला की ती विचारायची, "काय जी मास्तर, झाले का तुमचे मासे शाळा शिकून?"

मासे वाढले. उन्हाळा चढता चढता जमशेदला डोळ्यांनीच दिसायला लागलं. एकच पाणी, एकच खाणं, तरी ओठाळ्यांची पिल्लं बुटकी, लाल, जाड ओठांची. नदीची लांब, पांढरी, पातळ ओठांची. खवल्यांच्या रांगा मोजल्या, त्याही वेगळ्या. डॉ. ठोसरांनी पाठीवर थाप मारली. "आणखी एक वर्ष वाढू द्या. पूर्ण वाढीचे मासे दाखवले तर कोणी तोंड उघडणार नाही."

चूक झाली ती इथं. आणि ती चुकून झालेली नव्हती, हेच जमशेदला पुढं छळत राहिलं.

ज्येष्ठ लागला तेव्हा तो कुंडाशी जाळं घेऊन उभा राहिला. मासे चमकत होते. काढून न्यायचे कुठं? हौदात मरतील. खाली सोडायचे तर वर्षाची मेहनत पाण्यात. त्यानं जाळं गुंडाळलं. कातळाच्या बांधावर दगडांची आणखी एक रांग रचली, फटीत तुराट्यांचा कूड ठोकला, वर माती लिंपली. पाणी एवढं कुठं चढणार, असं स्वतःलाच बजावलं आणि खाली उतरला.

हेमसिंग अंगणात दोर वळत होता. "काढले का जी?"

"काढले," जमशेद म्हणाला.

हेमसिंगनं मान डोलावली आणि त्याच्यापुढं ताकाचा पेला ठेवला. तो वर जाऊन पाहणार नव्हता. जबान म्हणजे जबान. ताक आंबट होतं की गोड, जमशेदला कळलं नाही.

श्रावणात डोंगरावर झड लागली. रिसोडला जमशेदच्या बायकोला, हुस्नाबानोला, दिवस भरत आले होते, म्हणून तो घरी होता. घराच्या पन्हाळीतून पडणारं पाणी ऐकत तो अंथरुणात या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचा. हुस्नाबानोला वाटायचं, माझीच काळजी करून राह्यले. मुलगी झाली. सगळं नीट झालं. मग तो मेडशीला गेला.

कुंडावरून पाणी जाऊन गेलेलं होतं. दगड पार डोहात कोसळले होते, कूड वाहून गेला होता, आणि कुंडात एकही मासा नव्हता. वरचा डोह गढूळ, तुडुंब, मुका. जमशेद काठावर उकिडवा बसून राहिला. दहावीस पांढऱ्या खडश्या एवढ्या मोठ्या डोहात काय करतील? काहीच नाही, असं तो मनाशी म्हणाला. कुणाला सांगितलं नाही.

माघाच्या अखेरीला रूपलाच त्याला बोलवायला आला. मेडशीच्या धर्मशाळेत जमशेद उतरला होता. रूपलाचा चेहरा उतरलेला. "मास्तर, चाला. डोहात मासे मरून राह्यले. लोकं मलेच म्हनून राह्यले."

डोह आटून अर्धा झाला होता आणि काठाकाठानं ओठाळे पोट वर करून तरंगत होते. वास सुटला होता. बाया नाकाला पदर लावून लांब उभ्या. आता ते पाणी ढोरांनासुद्धा चालणार नव्हतं.

जमशेदनं एक मेलेला मासा उचलला. अंगावर लाल चट्टे, परांच्या मुळाशी कापसासारखी बुरशी. असेच चट्टे, पण बरे होऊन सुकलेले, त्यानं खालच्या डोहातल्या खडश्यांवर कितीदा पाहिले होते. खालच्यांना तो रोग अंगवळणी पडलेला. वरच्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. आणि तेवढ्यात उथळ पाण्यातून एक लांब, पांढरा मासा संथपणे निघून गेला. धडधाकट. डावा पर अर्धा.

संध्याकाळी लिंबाखाली पंचायत बसली. रूपलानं तरुणपणी एकदा खालच्या डोहात गेळाची विषारी फळं कुटून टाकली होती आणि भुललेले मासे धरले होते. ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

"एकदा केलं तो दुसऱ्यांदा करीन," प्रेमसिंग नावाचा एक जण म्हणाला. त्याची सून बाळंत होती आणि तिच्या वाट्याचे मासे सडले होते.

"देवाची आन! खालच्या डोहात केल्तं, व्हय. पन वरच्या डोहाले कोन इख टाकते? माह्यी पोरगी तिथलंच पानी पेते!" रूपला हात जोडून ओरडत होता.

हेमसिंगनं हात वर केला. तो जमशेदकडं वळला. "मास्तर, तुमी शिकलेले. माशाचं तुमाले समजते. सांगा. हे गेळाचं काम हाय का?"

एकच शब्द पुरे होता. नाही म्हणायचं. पण 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न 'मग कशाचं?' आणि त्याचं उत्तर द्यायचं तर ज्येष्ठातलं ते 'काढले' बाहेर काढावं लागणार. जमशेदला ताकाचा पेला आठवला. नागपूर आठवलं. रूपला त्याच्याकडं असा पाहत होता, जसा बुडता माणूस काठावरच्याकडं पाहतो.

"तपासावं लागेल," जमशेद म्हणाला. "आत्ताच सांगता येत नाही."

रूपलानं जोडलेले हात खाली केले.

त्याचं हुक्का-पाणी बंद झालं. दगडवाडीवाल्यांनी आठवडा उलटायच्या आत रामीची सगाई मोडली. होळीला रूपलाच्या घरापुढं कोणी आलं नाही, आणि होळी झाल्यावर रूपला, त्याची बायको मोतीबाई आणि रामी गाडीत भांडी भरून धनजकडं कुणाच्या तरी वावरात सालदारकीला निघून गेले. हे जमशेदला मेडशीच्या बाजारात कळलं. तो त्या दिवशी बाजारात उभा राहिला नाही.

प्रबंध मात्र पूर्ण झाला. मधल्या वाढीचे मासे बाटल्यांत होते, मोजमापं होती, तेवढं पुरलं. त्या साली वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, त्या गडबडीत त्याची पदवी हातात पडली. बापानं रिसोडभर पेढे वाटले. डॉ. ठोसर म्हणाले, "एकाच नाल्यात, एका कड्याच्या अंतरावर, दोन वेगळी रक्तं. फार सुंदर काम आहे तुमचं." जमशेदला ते 'सुंदर' कानशिलात मारल्यासारखं लागलं. घरी लेक पावलं टाकायला लागली होती. ती हसत अंगावर आली की त्याला रामीचं 'झाले का मासे शाळा शिकून' ऐकू यायचं आणि तो तिला हुस्नाबानोकडं देऊन बाहेर निघून जायचा.

"तुम्हाला झालंय काय?" एकदा हुस्नाबानोनं वाटच अडवली. "कमाई झाली, इज्जत झाली, आन तोंड असं जसं काई मय्यत उचलून आले."

त्यानं तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. कडेवरच्या मुलीचं झबलं सारखं करत म्हणाली, "मले सांगून काय फायदा जी? मी थोडीच त्याच्या पोरीची सगाई मोडली."

पुढच्या वर्षीची होळी उलटल्यावर तो तांड्यावर गेला. त्या वर्षी मासे धरायचे की नाही यावर बराच वाद होऊन शेवटी जाळं टाकलं होतं. जाळं वर आलं तेव्हा माणसं कडेनं गोळा झाली आणि एकेक मासा उलटून पाहू लागली. मासे थोडेच होते. मोठ्या दोन-चार पांढऱ्या खडश्या, आणि बाकी सगळी गेल्या पावसातली पिल्लं: ना लाल ना पांढरी, बांधा मधलाच, ओठ ना जाड ना पातळ. खरा ओठाळा त्यात एकही नव्हता.

"हे कोनते आनले देवानं?" हेमसिंग म्हणाला.

"देवानं नाही, नाईक. मी आणले."

आणि तिथंच, ओल्या जाळ्याशी उभं राहून, जमशेदनं सांगितलं. कुंडातले मासे काढले नव्हते. खोटं बोललो. पुरात ते डोहात गेले. त्यांच्या अंगचा रोग तुमच्या माशांना लागला. जे वाचले ते त्यांच्यात मिसळले. गेळाफळ नव्हतं, इख नव्हतं. रूपलानं काही केलं नाही, आणि हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

प्रेमसिंगनं त्याची गचांडी धरली. हेमसिंगनं सोडवली, पण घाई केली नाही.

"पुन्ना सोडले तर? तसे ओठाळे कुठून आनता येतीन?" कोणीतरी मागून विचारलं.

"कुठूनच नाही," जमशेद म्हणाला. "ते फक्त इथंच होते."

हेमसिंग बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. "तुमाले जबान मागतली, तुमी देली. मी वर जाऊन पायलं नाई, हे माह्यं चुकलं. आन रूपलाचा न्याय मी केला, हे त्याच्याहून मोठं चुकलं. आज पंचायत बसवतो. त्याचं घर त्याले वापस. पन हे सांगायले मी नाई जाणार. तुमी जा."

दुसऱ्या दिवशी जमशेद कारंज्याच्या बसमध्ये बसला. पुढं बैलगाडीनं धनज. रूपला एका शेताच्या बांधावर तुराट्यांचे भारे बांधत होता. वर्षात फार वाळला होता. जमशेदला पाहून उठला नाही. जमशेद समोर मातीत बसला आणि काही न लपवता पुन्हा सगळं बोलला. रूपला भारा आवळत राहिला. दोरी तुटली तेव्हा थांबला.

"त्या दिवशी नाईकानं तुमालेच इचारलं होतं," तो म्हणाला. "मी म्हनलं, चाला, मास्तर हाय. मास्तरच्या हातचा चहा पेलो मी. त्याचे मासे म्या धरून देले."

"हो."

"तपासावं लागीन म्हनले."

"हो, रूपलाभाऊ."

"मंग तपासलं का?"

मातीकडं बघतच जमशेदनं नाईकाचा निरोप सांगितला. घर परत देताहेत, पंचायतीनं चूक कबूल केली, गाडी पाठवतील. रूपलानं ऐकून घेतलं. "येऊ. मोतीबाईले जन्मभर तेच पायजे. येऊ आमी दोघं." मग गावाकडं बोट केलं. "पन रामीचं लगन होऊन गेलं. इथंच. पयली बायको मेलेला मानूस हाय, दोन लेकरं हाय त्याले. माह्या पोरीले इख टाकनाऱ्याची पोरगी म्हनून दुसरं कोनी करत नव्हतं. तिले तुमी सांगा. मी नाई सांगत."

घर गावाच्या टोकाला होतं. रामी अंगणात गोवऱ्या थापत होती. तिनं हात धुतले, डोईवर पदर घेतला आणि त्याच्यापुढं पाण्याचा गडू ठेवला. "आमच्याकडं कसे काय जी मास्तर?" तिनं हसून विचारलं. अजून तिला काही ठाऊक नव्हतं. जमशेदला तहान लागली होती, पण त्यानं गडूला हात लावला नाही.

तिसऱ्यांदा सांगणं सर्वांत कठीण गेलं. वाक्यं तीच होती. आता तीसुद्धा अपुरी वाटत होती. रामी उभ्यानं ऐकत होती. तिचं हसू गेलं, पण ती रडली नाही. एकदाच म्हणाली, "म्हंजे बाबा खरं बोलून राह्यला होता?"

"सुरुवातीपासून."

"मलेबी कधीकधी वाटे का त्यानंच केलं असन," ती हळूच म्हणाली. "एवढे लोकं म्हनत तं."

जमशेदला वाटलं होतं, सगळा हिशेब आपण घेऊन आलो आहोत. हे त्याच्या हिशेबात नव्हतं. लेकीनं बापावर मनातल्या मनात घेतलेला संशय, वर्षभर, एकाच चुलीपाशी बसून. तो हात जोडायला गेला, पण त्याला लिंबाखालचे रूपलाचे जोडलेले हात आठवले आणि ते तसेच मांडीवर पडून राहिले.

"दगडवाडीवाले आता काय म्हनतीन?" तिनं विचारलं. मग स्वतःच मान हलवली. "आता कायले म्हनतीन."

आतून लहान पोर रडायला लागलं. तिच्या नवऱ्याचं, पहिल्या बायकोचं. रामी वळली. उंबऱ्यात थांबून तिनं मागं पाहिलं.

"मंग आता मी काय करू, मास्तर?"

जमशेद उठून उभा राहिला. तिनं फार वाट पाहिली नाही. ती आत गेली, पोराला उचलल्याचा आवाज आला, आणि थोपटता थोपटता ती त्याच्याशी तांड्याच्या बोलीत, गोरमाटीत, काहीतरी बोलत राहिली.

या वेळी जमशेद पाठ फिरवून अंगणातून बाहेर पडला नाही. रूपला शेतातून लेकीच्या दारी येईपर्यंत तो तिथंच, गोवऱ्यांच्या ओळीशी, उन्हात उभा होता.